अक्कलकोट रस्त्यालगतची विहीर : जमिनीखालचं डिझेल जागच्या जागी कसं संपवलं

फोन मार्चमध्ये आला, माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या आईचा. "सर, हिरीचं पाणी वास मारतंय बगा. जनावरं तोंड लावंनात." सोलापूरहून अक्कलकोटकडे जाताना रस्त्यालगत त्यांची वस्ती आहे. तिथं सगळे त्यांना अक्का म्हणतात, मीही अक्काच म्हणतो.

गेलो तेव्हा मालदांडीची काढणी झाली होती, कडब्याची गंज रचून ठेवली होती. विहीर जुनी, वरचे काही फूट दगडी बांधणीची, खाली नुसता कातळ. कठड्यावर वाकलो तर रॉकेलसारखा वास नाकात शिरला. पाण्यावर रंगीत तवंग होता. असा तवंग दिसला की आधी एक साधी परीक्षा करावी. लांब काठीने तो मोडून पाहायचा. लोहावर जगणाऱ्या जिवाणूंचा तवंग काचेसारखा तडकतो आणि त्याचे तुकडे तसेच तरंगत राहतात. तेलाचा तवंग मोडला तरी पुन्हा एकमेकांत मिसळतो. हा मिसळला. बांधापलीकडे उत्तरेला मालट्रकांचं यार्ड होतं आणि तिथं जमिनीत पुरलेली डिझेलची टाकी.

त्या दिवशी तीनच गोष्टी सांगितल्या. पिण्याचं आणि जनावरांचं पाणी लांबच्या बोअरवरून आणा. विहिरीची मोटर बंद ठेवा, कारण उपसा केला की यार्डाखालचं डिझेल आणखी इकडे ओढलं जाईल. आणि गाळ काढायला किंवा पाहायला कुणीही आत उतरू नका. वाफेने माणूस गुदमरतो, आणि काडी ओढली तर काय होईल ते सांगायची गरज नाही. अक्कांचे दीर, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, ते दोर घेऊन उतरायच्या तयारीतच होते.

यार्डाच्या शेठनी आधी आमची टाकी ठणठणीत आहे असं सांगितलं. त्यांच्याच दिवाणजींनी वही काढली. टाकीत किती ओतलं, गाड्यांत किती भरलं आणि डिपस्टिक किती दाखवते, या तीन आकड्यांचा मेळ कित्येक महिन्यांपासून बसत नव्हता. टाकी रिकामी करून दाबाची तपासणी केली तेव्हा तळाशी गंजलेली शिवण सापडली. काळ्या मातीत पुरलेल्या लोखंडाचे हाल होतात. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि दरवर्षी टाकीला दोन्ही बाजूंनी रेटते. दिवाणजी त्या दिवशी खरं बोलले म्हणून पुढचं सगळं शक्य झालं, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो. गळती चालू असताना जमीन साफ करण्याला काही अर्थ नसतो.

मग प्रश्न आला तो झिरपलेल्या डिझेलचं काय करायचं याचा.

खोदून माती उचलावी, हा सगळ्यांच्या मनात आलेला पहिला उपाय. पण वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग कच्चा खडक आणि खाली भेगांचा काळा पाषाण. दख्खनचा हा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला. मुरूम उचलता येईल, कातळातल्या भेगा कशा उचलणार? आणि डिझेलने माखलेली माती टाकायची कुणाच्या दारात?

दुसरा उपाय पाणी उपसून, स्वच्छ करून, परत सोडण्याचा. इथं मी वहीत एक हिशेब मांडला आणि तो शेठ, अण्णा, दिवाणजी अशा सगळ्यांना दाखवला. या प्रकरणाचा निकाल खरं तर त्या हिशेबानेच लागला. जिवाणूंना डिझेल पूर्ण पचवायला, म्हणजे त्याचं पाणी आणि कर्बवायू करायला, प्राणवायू लागतो. एक किलो डिझेलला साधारण ३.४ किलो. एक लिटर डिझेलचं वजन सुमारे ८३० ग्रॅम, म्हणजे लिटरमागे सुमारे २.८ किलो प्राणवायू. आता हा प्राणवायू पाण्यातून पुरवायचा ठरवला, तर आपल्याकडच्या तापमानाला एक लिटर पाण्यात फार तर ८ मिलिग्रॅम विरघळतो. एका लिटर डिझेलसाठी साडेतीन लाख लिटर पाणी! दहा हजारी टँकर धरले तर पस्तीस. सोलापूर जिल्ह्यात, मार्च महिन्यात.

तोच प्राणवायू हवेतून दिला तर? एक घनमीटर हवेत पाव किलोहून थोडा जास्त प्राणवायू असतो. म्हणजे एका लिटर डिझेलला जेमतेम १० घनमीटर हवा. दहा बाय दहाच्या साध्या खोलीत याच्या जवळपास तिप्पट हवा मावते. पुरवलेला सगळा प्राणवायू कामी येत नाही, प्रत्यक्षात हवा जास्त लागते, पण दोन्ही आकड्यांतलं अंतर कशानेही भरून निघणारं नाही. अण्णा वहीकडे बघत म्हणाले, "म्हंजे जमिनीला वारं घालायचं?" मला त्याहून नेमकं वर्णन आजवर सापडलेलं नाही.

ड्रममधले जिवाणू

त्याच आठवड्यात शेठकडे एक विक्रेता येऊन गेला. तेल खाणाऱ्या जिवाणूंचं कल्चर, ड्रममध्ये भरलेलं. विहिरीत ओता, महिन्यात पाणी स्वच्छ. शेठना ते पटलं होतं, आणि का पटू नये? जंतू सोडले की घाण खातात, हे चित्र लोकांच्या मनात पक्कं बसलेलं आहे. त्यामागे इतिहासही आहे. आनंद मोहन चक्रवर्ती या बंगाली शास्त्रज्ञांनी अमेरिकेत तेल पचवणारा एक जिवाणू घडवला. त्याच्या पेटंटचा वाद तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९८० साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. सजीवाला पेटंट मिळालं म्हणून तो खटला जगभर गाजला. तो जिवाणू मात्र प्रत्यक्ष तेलगळतीवर कधी सोडला गेला नाही. याउलट १९७२ साली पेनसिल्व्हेनियातल्या अँब्लर गावात पेट्रोलची पाइपलाइन फुटली, तेव्हा रिचर्ड रेमंड यांनी बाहेरचे जिवाणू आणले नाहीत. जमिनीत होते त्यांनाच हवा आणि खत पुरवलं. जागच्या जागी जमीन साफ करण्याची आजची पद्धत तिथून सुरू झाली.

शेठना इतिहास सांगून उपयोग नव्हता. म्हणून आम्ही बरण्या लावल्या. यार्डाखालचा डिझेल लागलेला मुरूम सारख्या वजनाने पाच बरण्यांत भरला. पहिलीतला मुरूम ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक केला. दुसरीत मुरूम तसाच, हवा बंद. तिसरीत मुरूम आणि हवा. चौथीत हवेबरोबर चिमूटभर युरिया आणि डीएपी. पाचवीत हवा आणि विक्रेत्याचं कल्चर. हवेच्या बरण्यांतून निघणारा कर्बवायू दाहक सोड्याच्या द्रावणात धरून रोज मोजायचा, हे काम माझ्या एमएस्सीच्या मुलींनी सुट्टीच्या दिवशीही येऊन केलं.

दोन आठवड्यांनी चित्र स्पष्ट होतं. निर्जंतुक बरणीत काही घडलं नाही. हवाबंद बरणीत जवळजवळ काही नाही. हवा दिलेल्या तिन्ही बरण्यांत जोरात काम चाललं होतं, आणि कल्चर घातलेली बरणी नुसती हवा दिलेल्या बरणीच्या पुढे गेली नव्हती. खत घातलेली किंचित पुढे होती. शेठनी स्वतः प्रयोगशाळेत येऊन त्या बरण्या पाहिल्या आणि ड्रम परत पाठवले.

सगळीच कल्चर निरुपयोगी असतात असं मी म्हणत नाही. ड्रायक्लीनिंगच्या द्रावकासारखी क्लोरीनयुक्त रसायनं जमिनीत गेली, तर त्यांचं शेवटपर्यंत विघटन करणारा डिहॅलोकोकॉइडिस नावाचा जिवाणू सगळीकडे नसतो. तिथं तो बाहेरून आणण्यात अर्थ आहे, आणि त्याला हवा दिली तर तो मरतो. डिझेलची गोष्ट वेगळी. डिझेलमधल्या कर्ब-अणूंच्या सरळ साखळ्या जिवाणू प्राणवायू जोडून आधी अल्कोहोलमध्ये आणि मग मेदाम्लात बदलतात. एकदा मेदाम्ल झालं की ते करडईच्या तेलासारखंच अन्न. हे करू शकणारे स्यूडोमोनास, ऱ्होडोकॉकस, असिनेटोबॅक्टर आपल्या चिमूटभर मातीतही असतात. डिझेल सांडल्यावर त्यांची संख्या आपोआप वाढते. नसते ती हवा, कारण ती त्यांनीच पहिल्या काही दिवसांत संपवलेली असते.

पाण्याने दिलेली साक्ष

जमिनीखाली हे खरंच घडतंय, याचा पुरावा विहिरीच्याच पाण्यात होता. या शिवारातल्या विहिरींत नायट्रेट भरपूर असतं. उसाला टाकलेला युरिया शेवटी तिथंच येतो. शेजारच्या दोन विहिरींत ते पिण्याच्या पाण्याच्या ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा जास्त निघालं, आणि अक्कांच्या विहिरीत जवळजवळ शून्य. प्राणवायू संपला की जिवाणू नायट्रेटवर श्वास घेतात, तेही संपलं की मँगनीज, मग लोह, मग सल्फेट. अक्कांच्या विहिरीचं पाणी बादलीत काढून ठेवलं की तासाभरात तांबूस गढूळ होत होतं. विरघळलेलं लोह हवा लागताच गंजासारखं खाली बसत होतं. म्हणजे खालचे जिवाणू नायट्रेट संपवून, आपल्या लोहसंपन्न खडकातलं लोह वापरायला लागले होते. बिनप्राणवायूचं काम मात्र फार संथ, आणि बेंझिनसारख्या घातक घटकावर तर त्याहून संथ. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात बेंझिनला दिलेली मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम इतकी कडक आहे.

वारं घालणं

काम तसं साधं. तरंगणारं डिझेल आधी वरून काढून घेतलं, कारण नुसत्या डिझेलच्या जाड थरात जिवाणू जगत नाहीत, ते पाणी आणि तेलाच्या सीमेवर काम करतात. मग यार्डात बोअर घेऊन खालच्या भागात जाळीसारख्या चिरा पाडलेले पीव्हीसी पाईप सोडले. भोवती बारीक खडी, वरच्या भागाला सिमेंटचं बूच. पाइपाला लहान ब्लोअर. हवा हळू सोडायची. जोरात सोडली तर डिझेलची वाफ वर ढकलली जाते, आणि मग आपण जमिनीतली घाण हवेत सोडत असतो. नव्वदच्या दशकात अमेरिकी हवाई दलाने आपल्या शंभराहून अधिक इंधनगळतीच्या जागांवर हीच पद्धत वापरून पाहिली होती. खत घालून तिथं फारसा फरक पडला नाही, हवा मात्र सगळीकडे लागली. बरणीत किंचित फायदा दिसूनही मी यार्डात युरिया टाकू दिला नाही, त्यामागे हे एक कारण होतं. दुसरं कारण, नायट्रेटच्या मुलखात विहिरीशेजारी आणखी युरिया ओतायला हात धजेना.

एप्रिलमध्ये ब्लोअर सुरू झाला आणि लगेच अडलं. बाजूच्या निरीक्षण नळ्यांत प्राणवायू वाढायला तयार नाही. दुपारी यार्डाच्या कडेला उभा होतो, तर जमिनीच्या एका भेगेतून बारीक धूळ उडत होती. आत सोडलेली हवा काळ्या मातीच्या भेगांतून सरळ बाहेर चालली होती. पाश्चात्त्य मार्गदर्शिकांत कोरडी जमीन हवेला चांगली असं लिहिलेलं असतं. आपल्या काळ्या रानात एप्रिलची कोरडी जमीन म्हणजे चाळण. दिवाणजींनी टँकरभर वापरलेलं पाणी शिंपडून भेगांत ओली माती भरून घेतली, वर ताडपत्र्या टाकून कडा मातीने दाबल्या. दुसऱ्या दिवशीपासून हवा मुरुमात आडवी पसरू लागली.

काम चाललंय की नाही हे पाहण्याची पद्धत मला फार आवडते. ब्लोअर बंद करायचा आणि जमिनीतल्या हवेतला प्राणवायू ठरावीक तासांनी मोजत राहायचा. टाकीच्या जागेपासून लांब, स्वच्छ मुरुमातल्या नळीत तो आहे तिथंच राहिला. टाकीजवळच्या नळीत तो तासागणिक उतरत गेला आणि कर्बवायू चढत गेला. खाली कुणीतरी श्वास घेत होतं. उन्हाळ्याच्या उबेचाही फायदा झाला. तापमान दहा अंशांनी वाढलं की, एका मर्यादेपर्यंत, जिवाणूंच्या कामाचा वेग साधारण दुप्पट होतो, आणि सोलापूरच्या उन्हाळ्याला कुणी थंड म्हणणार नाही.

पण डिझेल खाल्लं गेलं, की नुसतं उडून किंवा वाहून गेलं? हा प्रश्न शेठच्या इंजिनिअर मुलाने विचारला, आणि तो योग्यच होता. डिझेलमध्ये सतरा कर्बांची सरळ साखळी असते, आणि जवळपास तितकीच उडणारी प्रिस्टेन नावाची फांद्या असलेली साखळीही असते. दोन्ही सारख्याच वेगाने उडतात, सारख्याच वेगाने वाहतात. जिवाणूंना मात्र सरळ साखळी सोपी आणि प्रिस्टेन अवघड. म्हणून दोघांचं प्रमाण घसरलं, तर ती जिवाणूंची करणी. मुरुमाच्या नमुन्यांत ते महिन्यागणिक घसरत होतं.

सप्टेंबर

जूनच्या सुरुवातीला तवंग नव्हता, वास नव्हता. शेठना अहवाल हवा होता, आणि मी तो दिला. तो देण्याची मी घाई केली. सप्टेंबरचा पाऊस झाला, विहिरीचं पाणी चढलं, आणि गणपती उठल्यावर अक्कांचा पुन्हा फोन: "सर, वास आला ओ परत."

चूक माझ्या नकाशात होती. डिझेल पाण्यावर तरंगतं. गळती कित्येक महिने चालली होती, आणि त्या काळात विहिरीची पातळी उतरत गेली तसं डिझेलही खाली खाली सरकत गेलं, जाताना प्रत्येक थराला माखत. मी पाईप उथळ मुरुमात घातले होते. खालचा माखलेला कातळ तसाच राहिला होता. पाणी चढलं आणि त्याने तो धुऊन वर आणला. हे पुस्तकात असतं, मी शिकवतोही. पण आमच्याकडे पातळी एका वर्षात किती वरखाली होते हे मी विचारायला हवं होतं, आणि ज्यांना ते माहीत होतं ते अण्णा पहिल्या दिवसापासून माझ्यासमोर उभे होते.

आता विचारलं. अण्णांनी कठड्यावर बसून सगळं सांगितलं. उत्तरेच्या कपारीतला वरचा झरा संक्रांतीपर्यंत वाहतो, मग थांबतो. त्याच्या खाली, तांबड्या पट्ट्याच्या वर, दुसरा झरा आहे, तो पाडव्यापर्यंत. तळाचा आडवा बोअर पूर्वेला मारलेला आहे, त्याचं पाणी कधीच आटत नाही आणि त्याला वासही कधी आला नाही. तांबडा पट्टा म्हणजे दोन लाव्हाथरांमधला गेरूसारखा मातीचा थर. पाणी त्यातून सहज खाली जात नाही, त्याच्या वर साचून आडवं वाहतं. डिझेलही तिथंच अडकलं असणार. मी तीन बोअर घेऊन जे शोधत होतो, ते त्यांनी चाळीस वर्षं पोहताना, गाळ काढताना पाहिलं होतं.

दुसऱ्या वर्षी आम्ही थांबलो. पाडवा गेला, दुसरा झरा आटला, माखलेला पट्टा उघडा पडला, आणि मग बरोबर तांबड्या थराच्या डोक्यापर्यंत नेलेल्या पाइपांतून हवा सोडली. पूर्वेच्या आडव्या बोअरचं पाणी हळू उपसून पातळी मुद्दाम खाली धरली. या वेळी भेगा आधीच बुजवल्या होत्या. श्वासाची चाचणी पहिल्या आठवड्यात गेल्या वर्षीपेक्षा जोरदार आली. मेअखेर तीच चाचणी मंदावली, कारण खायला उरलं नव्हतं. पावसाळा येऊन गेला, विहीर भरली, मी यावेळी अहवाल लिहिला नाही. तिसरा उन्हाळाही ब्लोअर चालवला आणि पुन्हा पावसाळ्याची वाट पाहिली.

मधल्या काळात एका रंगाईवाल्याने विचारलं, आमच्याकडच्या रंगाच्या पाण्याला हे चालेल का? त्यांना मी नाही म्हणालो. कापडाच्या ॲझो जातीच्या रंगांतला रासायनिक बंध आधी हवेवाचून तोडावा लागतो. त्यातून निघणारी अमाइन्स रंगहीन पण घातक असतात, ती संपवायला नंतर हवा लागते. आणि क्रोमियमसारखा धातू कुठलाही जिवाणू खाऊन संपवत नाही, फार तर त्याचं विषारी रूप कमी विषारी रूपात बदलतो. प्रत्येक घाणीचं गणित निराळं मांडावं लागतं.

तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरमध्ये नमुने घ्यायला गेलो तेव्हा पाणी वरून पाचव्या पायरीपर्यंत आलं होतं. तवंग नाही. बादलीतलं पाणी संध्याकाळपर्यंत नितळ राहिलं, तांबूस झालं नाही. प्रयोगशाळेतून आलेल्या कागदावर बेंझिन नाही, खनिज तेल नाही. आणि एक आकडा परत आला होता. नायट्रेट. शेजारच्या विहिरींइतकंच, ४५ च्या वर. खाली डिझेल उरलं नाही, म्हणून नायट्रेटवर श्वास घेणारंही कुणी उरलं नव्हतं. आमचं काम झाल्याचा याहून पक्का पुरावा नाही.

अक्का कागद हातात घेऊन म्हणाल्या, "मग आता प्यायचं ना सर?" त्यांच्या लेकीला चार महिन्यांचं बाळ होतं, ती बाळंतपणाला माहेरी आली होती ती अजून इथंच होती. मी नाही म्हणालो. ज्वारीला द्या, गाईंना पाजा, धुणंभांडी करा. बाळाच्या दुधात हे पाणी नको, आणि उकळून तर मुळीच नको, उकळल्यावर नायट्रेट आणखी दाट होतं. अण्णा बांधापलीकडे, वरच्या अंगाच्या उसाकडे बघत उभे होते. त्या आठवड्यात त्या रानात युरियाची पोती उतरली होती.